धुळ्याच्या आग्रा रोडवरचा युनिफॉर्म टेलर : ब्लेझर झकास, विंगबद्दल मात्र बोलायचंय

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. ब्लेझर शिवायचा असेल, मेडलची पट्टी बांधून घ्यायची असेल, खाकी किंवा ऑलिव्ह ग्रीन कापडाचं कुठलंही काम असेल, तर धुळ्यात या दुकानात जा. खांदा इतका सरळ बसवणारा कारागीर मला लखनौ-आग्र्याच्या कॅन्टोन्मेंटातही क्वचितच भेटला. वेळेची मात्र आशा धरू नका. आणि कोणाला पॅराशूटची विंग, म्हणजे पॅराशूटने उडी मारणाऱ्या फौजींचा पंखांचा बिल्ला, भरून घ्यायची असेल, तर त्याने पुढचं सगळं वाचावं. माझं आणि त्यांचं वाजलं ते तिच्यावरूनच.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारही आहे. पाचकंदीलच्या बाजूने आग्रा रोडला लागलात की कोणालाही ‘बँडवाल्यांचा शिंपी’ विचारा, बोट दाखवतील. खाली भांड्यांचं दुकान, बाजूने अरुंद जिना, वर हे. काचेच्या कपाटात लाल मखमली कोट, सोनेरी झालरी, तुऱ्यांच्या टोप्या. बाजूच्या दांडीवर पोलिसांची खाकी, शाळांचे गणवेश, सिक्युरिटीवाल्यांचे निळे शर्ट. धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे, पोलिसांचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि लग्नसराईत खान्देशात बँडला तोटा नाही. त्यामुळे एकाच मशीनवर सकाळी फौजदाराची पँट आणि दुपारी क्लॅरिनेटवाल्याचा कोट. मालक पन्नाशीचा, गळ्यात टेप, बोलतो अहिराणीतच. हाताचं भरतकाम एक म्हातारे चाचा करतात, खिडकीच्या उजेडात अड्डा, म्हणजे भरतकामाची चौकट, लावून. आधी सांगून ठेवतो, दुकानाची खरी कमाई म्हणजे हे चाचा.

मी गेलो ब्लेझरसाठी. जुन्या युनिटवाल्यांचं थंडीत आग्र्याला जेवण ठरलं होतं आणि मंडळींनी फर्मान काढलं होतं : नेव्ही ब्लू ब्लेझर, ग्रे पँट, मरून टाय, खिशावर विंग. रेडिमेड मला बसत नाही. खांदे फौजेत रुंद झाले, पोट घरी आल्यावर.

कापड त्यांच्याकडचंच घेतलं, टेरीवूल, जरा जड. माप घेताना मालकाने टेप पोटावर आणली आणि थांबला. “आप्पा, हाई पोट फौजमधलं नई ऱ्हायनं आते.” मी म्हटलं, भाऊ, तू आकडा लिही. पण त्याचं काम बघा. पोट झाकायला त्याने सगळा ब्लेझर सैल केला नाही. खांदा आणि छाती अंगासरशी ठेवली, खालच्या बटणापासून पुढचे पल्ले किंचित उघडे कापले, पाठीला दोन कट दिले. छातीत चिकटवायचं स्वस्त बकरम न घालता खरा कॅनव्हास टाचला. अस्तर लागण्याआधीच्या ट्रायलला तो मी हात लावून बघितला. कॉलर मानेला टेकून बसते, हात वर केला तरी उचलली जात नाही. बाही मनगटाच्या हाडाशी संपते. त्यांच्याकडची पितळी बटणं फार भडक पिवळी आहेत. मी माझी जुनी नेली, ती लावून दिली, जादा पैसे घेतले नाहीत. अस्तर मरून सांगितलं होतं, आलं लालभडक. बँडच्या थानातलं असणार. बदलायला सांगितल्यावर कुरकुर न करता बदललं, पण त्यात तारीख पुढे गेली ती गेलीच. कापड आणि शिलाई मिळून साडेसात हजार पडले. नाशिकला याच कामाचे जास्त सांगितले होते.

वाट बघायला एक बाकडं आहे. तिथे बसायचा कंटाळा येत नाही, कारण सगळं गणवेशातलं आणि गणवेशातून सुटलेलं खान्देश तिथे येऊन बसतं. माझ्या शेजारी साक्रीकडचे एक आजोबा होते, १ मराठा लाइट इन्फंट्रीचे, म्हणजे जंगी पलटणीचे. एकाहत्तरची लढाई बघितलेले. मी पॅरावाला, म्हणजे पॅराशूटने उतरणाऱ्या फौजेतला, म्हटल्यावर त्यांनी लगेच विषय काढला तो टांगाईलचा.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो. ११ डिसेंबर १९७१ला आपली २ पॅरा बटालियन, लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली, पूर्व बंगालात टांगाईलजवळ विमानांतून उतरली आणि पुंगळीचा पूल धरला, म्हणजे उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडली. पन्नूंना महावीर चक्र मिळालं. आणि आपल्या लोकांना हे माहीतच नसतं की ही २ पॅरा म्हणजे मुळातली ३ मराठा लाइट इन्फंट्री. १५ एप्रिल १९५२ला पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा पंजाब, मराठा आणि कुमाऊँ या तीन रेजिमेंटांची एकेक छत्रीवाली पलटण तिच्यात गेली. त्यातली मराठ्यांची ती २ पॅरा. आणि पुलावर तिला येऊन मिळाली कोण, तर जमालपूरकडून आलेली १ मराठा. आजोबांचं म्हणणं एकच : “तुम्ही उडी मारून मोकळे. पोचलो आम्ही, चालत.” मी म्हटलं, आजोबा, मी तेव्हा शाळेतही नव्हतो. ते म्हणाले, मग तर बोलूच नको.

त्यांना एक गोष्ट मी सांगितली, ती त्यांना नवीन होती. परदेशी पेपरांत त्या उडीचा म्हणून जो आभाळभर छत्र्यांचा फोटो छापून आला, तो टांगाईलचा नव्हताच, आग्र्याच्या सरावातला होता. उतरली एक बटालियन, पण फोटो बघून लोकांना वाटलं अख्खी ब्रिगेड उतरली. आजोबा खूश होऊन इतके हसले की मालकाची कात्री थांबली.

आता विंग.

आपल्या फौजेची कापडी विंग अशी असते : राखाडी-हिरव्या कापडावर मधोमध उघडलेलं पांढरं पॅराशूट, दोन्ही बाजूंना फिकट निळे पंख, सरळ बाहेर पसरलेले. आपली पॅराशूट ब्रिगेड १९४१ साली ब्रिटिशांच्या अमलात दिल्लीत उभी राहिली, त्यामुळे घडण त्यांच्या धर्तीची. मी तोंडी वर्णन करून, कागदावर चित्र काढून आलो. पुढच्या खेपेला नमुना हातात आला तो चंदेरी तारेचा, आणि पंख खालून वर वळून छत्रीच्या कडेला टेकलेले. काम फार सुबक. पण ती अमेरिकन विंग! मालकाच्या मुलाने माझं चित्र बाजूला ठेवून मोबाइलवर शोधलं आणि पहिलं जे आलं ते चाचांसमोर धरलं. ही चांदीची विंग अमेरिकेच्या विल्यम यारबरो या अधिकाऱ्याने १९४१ मध्ये आखली. त्यांच्याकडेही ती पाच उड्यांनंतरच मिळते, आणि लढाईत उडी मारली असेल तर तिच्यावर छोटा तारा चढतो. दोन देशांचे पॅरावाले एकत्र सराव करतात तेव्हा दुसऱ्याच्या जंपमास्टरच्या, म्हणजे उडी मारायला लावणाऱ्या उस्तादाच्या, हाताखाली उडी मारून त्यांची विंग मिळवायची रीत आहे. मला तसा योग आला नाही, मग ती माझ्या खिशावर कशी चालेल? मुलाला हे पटलं, पण त्याचा पुढचा प्रश्न होता, “काका, ही जास्त भारी दिसते की!”

दुसरा नमुना आपल्या रंगांत आला, पण पंख खाली झुकलेले. अंडी उबवायला बसलेली कोंबडी असावी तसे. तेव्हा मी घरून माझी पहिली विंग आणली, मशीनवर भरलेली, धुवून-धुवून रंग उडालेली, आणि थेट चाचांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती डोळ्याशी नेली, मागून पुढून बघितली आणि विचारलं, “साब, ये मिलता कैसे है?”

मी त्यांच्यासमोर उत्तर द्यायला लागणार, तेवढ्यात माझी नजर दांडीवर गेली. लाल मखमली कोट, ट्रम्पेटवाल्याचा. त्याच्या छातीवर, एका बाजूला नव्हे, दोन्ही बाजूंना, टिकल्या लावून भरलेल्या पॅराशूटच्या विंगा. पक्की छत्री, पक्के पंख. हाही मालकाच्या मुलाच्या मोबाइलचाच प्रताप.

मी मालकाला म्हटलं, हे काय आहे? तो म्हणाला, “माले काय माहीत, आप्पा? बँडवालाले आवडनं, मी काढी दिन्हं.” मग जरा थांबून, “हाई ते धोनीना ड्रेसवर ऱ्हास तेच ना?”

धोनीचं नाव निघालं म्हणजे निदान सुरुवात करायला जागा झाली. हो, तेच. पण ऐक, म्हटलं. महेंद्रसिंग धोनीला २०११ साली टेरिटोरियल आर्मीच्या पॅरा बटालियनमध्ये लेफ्टनंट कर्नलचा मानद हुद्दा मिळाला. हुद्दा मानाचा होता, विंग नव्हे. त्यासाठी तो ऑगस्ट २०१५ मध्ये आग्र्याला आला, इतरांसारखं जमिनीवरचं प्रशिक्षण घेतलं, एएन-३२ विमानातून उड्या मारल्या, पाच पुऱ्या केल्या आणि मग त्याला विंग लागली. वर्ल्ड कप जिंकलेल्या कॅप्टनलासुद्धा चार उड्यांवर कोणी दिली नाही. (आणि २०१९च्या वर्ल्ड कपमध्ये त्याच्या ग्लोव्हजवर जे खंजिराचं चिन्ह दिसलं आणि आयसीसीने काढायला लावलं, ते ‘बलिदान’ नावाचा बिल्ला. ते पॅराच्या स्पेशल फोर्सेसचं. विंग वेगळी, बलिदान वेगळं. हे मला धुळ्यात महिन्यातून एकदा तरी कोणालातरी सांगावं लागतं. मोटारसायकलच्या टाकीवर दोन्ही चिकटवलेली असतात.)

मग चाचांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, ते इथेही देतो, कारण दुकानाबद्दलची माझी तक्रार त्याशिवाय कळणार नाही.

मी आर्मी मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट. पॅरात स्वेच्छेनेच जावं लागतं. आधी युनिटमध्ये प्रोबेशन : पाठीवर वजन घेऊन लांब लांब दौडी, झोप कमी, शिव्या भरपूर. तिथेच निम्मे परत जातात आणि कोणी त्यांना अडवत नाही. जो टिकला तो आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलला. ही शाळा एअर फोर्सची. म्हणजे उडी मारणारा जवान आर्मीचा, शिकवणारा उस्ताद हवाई दलाचा, आणि दोघांचं एकमेकांबद्दलचं मत पहिल्या दिवशी फारसं चांगलं नसतं.

पहिले काही दिवस विमान दिसतच नाही. जमिनीवर लोळायचं. उतरताना पायाचे चवडे, पोटरी, मांडी, कुल्ला आणि मग पाठीची एक बाजू, या क्रमाने अंग जमिनीला लागलं पाहिजे, म्हणजे धक्का वाटला जातो. डावीकडे, उजवीकडे, मागे, पुन्हा डावीकडे. उस्ताद ओरडत असतो, “पैर घुटने जोड़!” ते मी आजही झोपेत करतो म्हणे, बायकोची तक्रार आहे. पाय सुटे राहिले तर एकाच पायावर सगळं वजन येतं आणि घोटा जातो. नंतर माझी ड्यूटी ड्रॉप झोनवर, म्हणजे उतरायच्या मैदानावर, अँब्युलन्समध्ये लागायची तेव्हा वरून उतरणारा जवान बघूनच आम्ही सांगायचो, हा चालत येणार की स्ट्रेचरवर. गुडघ्यांमधून उजेड दिसला की स्ट्रेचर तयार.

मग लाकडी विमानातून बाहेर पडायचा सराव, पट्ट्यात लटकून दिशा बदलायचा सराव, पॅराशूट अंगावर चढवायचा आणि दुसऱ्याचं तपासायचा सराव. आणि एके दिवशी पहाटे एएन-३२. पंख्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही, रॉकेलसारखा वास, समोरचा जवान घाम पुसतो आणि तुम्ही त्याच्याकडे बघून आपलाच घाम पुसता. प्रत्येकाची स्टॅटिक लाइन वरच्या तारेला अडकवलेली असते. उडी मारली की तीच पॅराशूट ओढून काढते, आपल्याला काही ओढायचं नसतं. मागे रॅम्प उघडतो, खाली मालपुऱ्याचा ड्रॉप झोन, आजूबाजूला बटाट्याची शेतं. लाल दिवा, हिरवा दिवा, जा. उंची १२५० फूट. मनात चार मोजायचे आणि मान वर करून बघायचं, छत्री पूर्ण उघडली का. पोटावर राखीव पॅराशूट असतं, त्यावर हात. उघडली की एकदम शांत. खाली यायला जेमतेम सव्वा मिनिट लागतं, त्यातला निम्मा वेळ आपण जिवंत आहोत हे कळण्यात जातो.

पहिली उडी कोणीही मारतो असं आमच्यात म्हणतात, कारण काय होणार ते माहीत नसतं. दुसरी कठीण. दुसरीला दारापर्यंतची पावलं जड होतात. आणि पाचांतली एक रात्रीची. रात्री जमीन दिसत नाही, येतेय हे कळत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पाय जोडून ठेवायची सवय लावलेली असते, ती तिथे कामाला येते. दारात जो थांबला, त्याला कोणी ढकलत नाही. तो बसून विमानासोबत परत येतो, त्याचं सामान बांधलं जातं, तो आपल्या जुन्या युनिटला जातो. त्याच्याबद्दल मेसमध्ये कोणी बोलत नाही, चांगलं नाही, वाईटही नाही.

पाचवी उडी झाली की विंग. एवढंसं कापड. ती मिळाल्यावर मी धुळ्याला सुट्टीवर आलो तेव्हा चाळीसगावला गाडी बदलताना स्वेटर काढून हातात घेतला होता, कडाक्याच्या थंडीत, लोकांना शर्टावरची दिसावी म्हणून. कोणी बघितलंही नाही.

गावात आजही विचारतात, म्हणजे तुम्ही कमांडो होता? नाही हो. पॅरा ब्रिगेडमध्ये तोफखानावाले असतात, इंजिनिअर असतात, सिग्नलवाले असतात, आणि आम्ही दवाखानावाले. टोपी सगळ्यांची मरून, बिल्ला आपापल्या कोअरचा, उडी सारखीच. उलट आम्ही मेडिकलवाले जरा ताठ चालतो, त्याला कारण आहे. पॅराशूटने उडी मारणारे पहिले दोन भारतीय फौजी, त्यात एक हवालदार मेजर मथुरासिंग आणि दुसरे लेफ्टनंट ए. जी. रंगराज. रंगराज १५२ भारतीय पॅराशूट बटालियनचे डॉक्टर. पुढे तेच आमच्या ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्सला, म्हणजे फौजेच्या फिरत्या दवाखान्याच्या युनिटला, घेऊन कोरियाच्या युद्धात गेले. मार्च १९५१ मध्ये अमेरिकेची १८७वी एअरबोर्न तुकडी मुनसानला उतरली, तेव्हा आमच्या युनिटचे डॉक्टर आणि जवानही तिच्याबरोबर उडी मारून उतरले, बंदूक कमी आणि मलमपट्टी जास्त घेऊन. रंगराजांना महावीर चक्र मिळालं. तेच युनिट २०२३ साली भूकंपानंतर तुर्कस्तानात इस्केंदेरूनला दवाखाना थाटून बसलं होतं. ती बातमी टीव्हीवर आली तेव्हा मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली.

चाचा हे सगळं सुई चालवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, “पाच बार कूदे, तब इतना सा कपड़ा.” आणि त्यांनी विंग जी काढली ना! छत्रीच्या प्रत्येक पाकळीची शिवण वेगळ्या दिशेच्या टाक्याने दाखवली, दोऱ्या एकेक धाग्याच्या, पंखांच्या पिसांत फिकट निळ्याच्या दोन छटा, आणि पंख सरळ. जरीची तार कुठेही वापरली नाही, मी न सांगता. “चमकेगा तो बँड का लगेगा,” म्हणाले. बाराशे रुपये घेतले. चोवीसशे मागितले असते तरी दिले असते, हे कृपा करून मालकाला कोणी सांगू नका.

आता तक्रार. ट्रम्पेटवाल्याशी माझं भांडण नाही. तो वरातीत समोर वाजवतो, त्याला बघून कोणी सॅल्यूट ठोकत नाही, आणि त्यालाही कोणाला फसवायचं नाही. कायद्यानेही तो सुटतो. भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ (आधी भारतीय दंड संहितेचं १४०) सांगतं की फौजी नसताना आपण फौजी आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने फौजी पोशाख किंवा खूण वापरली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ट्रम्पेट हातात असताना तो हेतू कोण सिद्ध करणार?

माझी हरकत होती ती काउंटरवरच्या बरणीवर. गोळ्या ठेवतात तशा प्लॅस्टिकच्या बरणीत पोलिसांचे तारे, एनसीसीचे बिल्ले, आणि त्यातच तयार विंगा, मशीनवर भरलेल्या, ऐंशी रुपये नग. मी बसलो असताना भरतीची तयारी करणारा एक पोरगा आला, एक उचलली, पैसे टाकले, गेला. कोणी विचारलं नाही, बाबा, तू कुठला. अशी विंग लावून रील निघतात, लग्नं ठरतात, टोलनाक्यावर वाद घातले जातात. आणि ज्याने खरी मिळवली त्याला मग गावात सिद्ध करावं लागतं की माझी बरणीतली नाही.

मालकाशी यावर अर्धा तास झाला. त्याचं म्हणणं, मी नाही विकली तर समोरचा विकेल, ऑनलाइन तर घरपोच येते. बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, पोलिसाचे तारे तू ओळखपत्र बघितल्याशिवाय देतोस का? तो म्हणाला, नाही, त्याने पोलिसांचं लफडं होतं. म्हटलं, म्हणजे भीतीपोटी विचारतोस, मग इथे ओळखीपोटी विचार. त्याने बरणीतून विंगा काढून ड्रॉवरमध्ये टाकल्या. विकायच्या बंद केल्या असं मी म्हणणार नाही, पण आता मागावी लागते, आणि मागितल्यावर तो विचारतो, “कोणती युनिट?” ब्लेझर न्यायला गेलो तेव्हा हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकला. समोरचा पोरगा गडबडला आणि एनसीसीची दोरी घेऊन गेला. एनसीसीच्या पोरापोरींनाही आग्र्याला पॅराचा कोर्स करायची संधी असते, निवड झाली तर. हे मी त्याला जिन्यात गाठून सांगितलं. त्याने नाव-पत्ता काही सांगितला नाही, पण कोर्सची माहिती कुठे मिळते ते विचारून घेतलं.

बँडच्या कोटावरही बदल झालाय. छत्री गेली, पंखांच्या मधोमध आता सनई आहे. चाचांचीच कल्पना. मला विचाराल तर छत्रीपेक्षा तीच शोभते, आणि बँडवाल्यालाही पसंत पडली. त्याने सगळ्या सेटची ऑर्डर दिलीय म्हणे.

जाणार असाल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. अर्धे पैसे आगाऊ घेतात, चिठ्ठी मागून घ्या, ते आपणहून देत नाहीत. विंग, क्रेस्ट, नावाची पट्टी, काहीही भरून घ्यायचं असेल तर अस्सल नमुना बरोबर न्या आणि तो चाचांच्या हातात द्या, मुलाच्या मोबाइलवर विश्वासू नका. मेडलची पट्टी बांधताना फिती एकमेकींवर किती चढवायच्या ते त्यांना चांगलं कळतं, क्रम मात्र तुम्हीच लिहून द्या. शुक्रवारी दुपारी चाचा नमाजला जातात, तेव्हा जाऊ नका. ट्रायलला येताना जो शर्ट आत घालणार तोच घालून या. जिना अंधारा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालून हाक मारावी, मालक खाली येऊन माप घेतो, माझ्यासमोर त्या आजोबांचं तसंच घेतलं. आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे, लग्नाच्या तिथी दाट असताना, काही शिवायला टाकूच नका. त्या दिवसांत तुमचा ब्लेझर दोन ढोलकीवाल्यांच्या कोटांखाली दबलेला असेल आणि मालक तुम्हाला चहा पाजत, “उद्याले या, आप्पा,” म्हणत राहील.